सहाशे घोडे आणि चिमूटभर अक्षता

आमच्या भजनी मंडळात मंगळवारी दुपारी देवळासाठी वाती वळायचं काम असतं. कापूस नीट पिंजला की वात लांबत जाते, आणि एकीचा किस्सा दुसरीच्या हातात गेला की तोही लांबत जातो. वाती देवापुढे जळून जातात. किस्से मात्र शिल्लक राहतात! गेल्या वर्षभरात आमच्याकडे जे काही जमलं, ते बहुतेक एकाच गोष्टीचं. प्रमिलाअक्कांच्या कुणालची गाडी.

अक्का माझ्या शेजारच्या. जळगावात आमच्या भिंतीला भिंत. माहेर पारोळ्याचं, त्यामुळे जीव वर-खाली झाला की अक्का अहिराणीत बोलतात. कुणाल एकुलता एक. केळीचा धंदा, आणि धुळ्याला केळी पिकवायची कोल्ड रूम, म्हणून जळगाव-धुळे हे त्याचं नेहमीचं येणं-जाणं. पोरगा गुणी. वाटेत भेटला तर वाकून नमस्कार करणारा. वेड एकच, गाड्यांचं. पैसे साठवून साठवून त्याने शेवटी आणली ती गाडी साधीसुधी नव्हती. गॅरेजमध्ये काही बसवून घेतलेली नाही बरं का, कारखान्यातूनच तशी निघालेली. सहाशे घोड्यांची!

* * *

गाडी आली त्या दिवशी पूजा. मला बोलावणं होतंच. माझे उपवास मोजायला बसलं तर जेवायचे दिवस सापडत नाहीत, असं आमचे हे म्हणतात; त्यामुळे कॉलनीत कुठलीही पूजा असली की ताम्हन माझ्या हातात.

हळद-कुंकू झालं, नारळ झाला, चारी चाकांखाली लिंबं ठेवून झाली. इतक्यात अक्का आतून भलं मोठं पातेलं घेऊन आल्या. त्यात भिजवलेला हरभरा!

"आई, हे काय?" कुणाल म्हणाला.

"तूच म्हणालास ना, सहाशे घोडे आहेत. दारात घोडा आला की आधी हरभरा देतात. लग्नातल्या घोड्यालाही देतात."

"अगं, मग दहा-वीस दाणे ठेव समोर."

"एका तरी घोड्याचं पोट भरेल का तेवढ्यात?"

पातेलं गाडीपुढे गेलं. नंतर त्याची उसळ झाली आणि ती सगळ्या कॉलनीने खाल्ली. घोडे काही म्हणाले नाहीत!

मग कुणालने गाडी सुरू केली. असा आवाज, की देवळाच्या पायरीवरचं कुत्रं उठून गाभाऱ्यात गेलं. अक्का दोन पावलं मागे सरल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "मंदा, सुरू होतानाच हिला एवढा राग येतो, तर थांबताना काय करेल गं?"

* * *

पहिली फेरी देवदर्शनाची. चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या देवीला. अक्का, मी आणि आमच्या मंडळाच्या पेटीवाल्या विमलताई. विमलताई शाळेत मास्तरीण होत्या. रिटायर झाल्या तरी आम्हाला अजून "हात वर करून बोला" म्हणतात.

गाडी आतून अशी, की बसल्यावर आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटावं. पांढऱ्याशुभ्र सीट. पण गाडी जमिनीला इतकी टेकलेली, की कॉलनीच्या तोंडावरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला पोट घासलं. कुणालच्या चेहऱ्यावर अशी कळ आली, जणू त्याचंच पोट घासलं!

"काकू," तो ओशाळून म्हणाला, "जरा उतरता का? वजन कमी झालं की निघते."

आम्ही उतरलो. गाडी तिरकी होऊन, लाजत-मुरडत पलीकडे गेली. आम्ही पुन्हा बसलो. पुढच्या गावात पुन्हा स्पीडब्रेकर. पुन्हा उतरलो. शाळा आली की उतरा, दवाखाना आला की उतरा. एका गावात तर पारावरचे म्हातारे आमची वाटच बघत बसल्यासारखे दिसले.

शेवटी विमलताईंचे गुडघे बोलले. "अरे कुणाल, घोडे सहाशे, आणि पायी चालायचं आम्ही?"

* * *

त्याच रस्त्यावरची गोष्ट. पुढे केळीचे घड भरलेला ट्रॅक्टर. रस्ता अरुंद, समोरून गाड्यांची रांग. कुणाल मागे अडकला. एक गाव गेलं, दुसरं गेलं, ट्रॅक्टर आपला डुलत डुलत पुढे. कुणालने हॉर्न मात्र वाजवला नाही, हे मला आवडलं.

वाटेत रेल्वे फाटक लागलं तेव्हा ट्रॅक्टरवाले आबा खाली उतरले. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. काचेतून आत डोकावून म्हणाले, "भाऊ, कितला घोडा शेतस हाई गाडीमा?"

"सहाशे, आबा."

आबांनी आपल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाले, "मंग बठ्ठा मना मांगेच शेतस ना!"

सगळे माझ्या मागेच की! कुणालसुद्धा इतका हसला, की फाटक उघडलेलं त्याला कळलं नाही.

* * *

आता जरा कापूस बाजूला ठेवते, कारण पुढचं हसण्यासारखं नाही.

चोपड्याच्या रस्त्यावर गाडी बैलासारखी चालली, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. पण धुळ्याचा हायवे चौपदरी. मोकळा. एकदा कुणाल बायकोला, पल्लवीला, घेऊन धुळ्याहून आला. पल्लवी गाडीतून उतरली आणि ओट्यावरच बसली. चेहरा पांढरा. अक्कांनी पाणी दिलं, विचारलं, "काय झालं?"

"काही नाही आई. पण मध्ये पारोळा कधी आला आणि कधी गेला, दिसलाच नाही."

कुणाल मागून हसत म्हणाला, "अगं, गाडीला कळतसुद्धा नाही!"

अक्का हसल्या नाहीत. आत जाऊन देवापुढे बसल्या. मी मागोमाग गेले, तर स्वतःशीच पुटपुटत होत्या, "मनं माहेर उनं नि गयं, नि कोनले दिसनं बी नही!"

पुढच्या मंगळवारी वाती वळताना नेहमीसारखा चहा आला. अक्कांनी कप बाजूला सरकवला. ज्या बाईने बाळंतपणातसुद्धा आधी चहा मागितला होता, तिने! विमलताईंनी कपाळाला हात लावून ताप पाहिला.

"ताप नाही," अक्का म्हणाल्या. "चहा सोडला. कुणाल माझ्यासमोर हळू चालवेलच. तो माझ्या पाठीमागेही सांभाळून चालवतो, असं कळेल त्या दिवशी घेईन. आणि हे बघा, त्याला कुणी सांगायचं नाही. आईच्या चहासाठी गाडी हळू चालवली, तर ते चहापुरतंच."

आम्ही सगळ्या जणींनी कापसावर हात ठेवला आणि गप्प बसायचं कबूल केलं.

* * *

पण घरात चहा सुटलेला लपतो का? कुणालने विचारलं, तर अक्का म्हणाल्या, "पित्त." पित्त किती दिवस चालावं? शेवटी पोरगा घाबरला. अक्कांना गाडीत घातलं आणि डॉक्टरकडे. म्हणजे ज्या गाडीमुळे चहा सुटला, त्याच गाडीतून चहा का सुटला हे बघायला!

डॉक्टरांनी तपासलं, रक्त काढलं, रिपोर्ट आले. सगळं उत्तम.

"आजी, तुम्हाला होतंय तरी काय?"

"मला काही होत नाही, डॉक्टरसाहेब. कुणाला काही होऊ नये म्हणून आहे हे."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नाहीत. कुणालकडे बघून एवढंच म्हणाले, "यांना घरी न्या. सावकाश."

* * *

त्या मंगळवारी आमच्यात वाद पेटला, आणि वाती निम्म्याच झाल्या. विमलताईंचं म्हणणं, असल्या गाड्या रस्त्यावर येऊच देऊ नयेत. "शर्यतीचं मैदान असेल तिथे पळवा. रस्ता काय एकट्याचा आहे? त्यावर दूधवाला आहे, सायकलवरची पोरगी आहे, मधोमध बसलेली म्हैससुद्धा आहे!"

मी म्हटलं, "ताई, आपल्या घरात कुकर आहे. आत केवढी वाफ कोंडलेली असते. पण शिट्टी आहे म्हणून आपण निर्धास्त पोळ्या लाटतो. ताकदीचा काय दोष?"

विमलताईंनी चष्मा काढला. "बरं. मग या गाडीची शिट्टी कुठेय?"

अक्का वात वळत होत्या. वात वळून झाल्यावर म्हणाल्या, "नसली तर बसवू."

* * *

आणि त्यांनी बसवली!

अक्कांचे सोमवार चालू. सोमवारची कहाणी कुणाला तरी सांगावी लागते, आणि ऐकणाऱ्याने कहाणी संपेपर्यंत हातात अक्षता धरायच्या असतात. अक्कांची बहीण धुळ्याला. तिला भेटायचं निमित्त करून सोमवारी अक्का कुणालबरोबर निघाल्या, आणि मलाही ओढलं. जळगाव सुटताच त्यांनी पदराची गाठ सोडली.

"धर अक्षता. कहाणी सांगते."

"आई, माझे हात स्टिअरिंगवर आहेत."

"मग गाडीच्या हातात देते." असं म्हणून त्यांनी डॅशबोर्डवरच्या छोट्या देवीपुढे चिमूटभर अक्षता ठेवल्या. "मात्र एक. कहाणी मोडता येत नाही. अक्षता सांडल्या, तर पहिल्यापासून!"

"आटपाट नगर होतं..." अक्कांनी सुरुवात केली. राजा येतो न येतो, कुणालने एका ट्रकला सुर्रकन मागे टाकलं. अक्षता मागे आल्या, थेट पांढऱ्या सीटवर. कुंकू लावलेल्या!

"आटपाट नगर होतं..."

पाळधीला ब्रेक लागला, अक्षता काचेला. "आटपाट नगर होतं..." एरंडोलपर्यंत राजाला राणी मिळेना! कुणाल एकदा सीटकडे बघत होता, एकदा देवीकडे. मग हळूहळू त्याचा पाय मवाळ झाला. वेग वाढवायचा तर असा, जसं तान्ह्याच्या अंगावर दुपटं ओढावं. थांबायचं तर लांबूनच. पारोळा आला तसा अक्कांनी खिडकीतून हात जोडले, आणि धुळं दिसायच्या आत कहाणी एकदाची पुरी झाली.

"आता म्हण," अक्का म्हणाल्या, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"आई, हे मी म्हणू की गाडीने?"

"घोड्यांनीच म्हणायचं. पण त्यांना बोलता येत नाही, म्हणून तू म्हण."

कुणालने म्हटलं. हसत हसत, पण म्हटलं.

त्यानंतर अक्का दर सोमवारी जायला लागल्या. मी एकदा विचारलं, "आता तर चांगला चालवतो. चहा घ्या की."

"माझ्यासमोर चालवतो गं," अक्का म्हणाल्या. "मंगळवारी कोण असतं गाडीत?"

विमलताईंनी तर त्यावर कडी केली. "कुणाल सुधारेल, माझाही विश्वास आहे. पण कारखान्यातून गाडी निघते तेव्हा तिच्याबरोबर आई निघत नाही ना!" हा वाद मंडळात अजून चालू आहे.

* * *

मागच्या आठवड्यात माझ्या भाचीच्या मुलाचं बारसं होतं, धुळ्याला. परतायला बस मिळेना. कुणालला फोन केला, तर म्हणाला, "काकू, थांबा, मी निघतोच आहे."

वार गुरुवार. अक्का घरी. गाडीत आम्ही दोघंच. मी पट्टा लावेपर्यंत कुणालने पुढच्या कप्प्यातून कुंकवाची असते तशी एक डबी काढली. झाकण उघडलं. चिमूटभर अक्षता घेऊन देवीपुढे ठेवल्या. डबी परत कप्प्यात. मी खिडकीबाहेर बघत बसले, जणू काही पाहिलंच नाही.

रस्ता मोकळा होता. धुळं सुटल्यावर एक पोरगा लाल गाडी घेऊन शेजारी आला. हॉर्न वाजवला, काच खाली केली, हाताने "येतोस का?" म्हणून खुणावलं. कुणालने हात केला. "जा बाबा, नीट जा."

पारोळा आल्यावर वेग आणखी कमी झाला. "काकू, आईचं माहेर," तो म्हणाला. मी हात जोडले.

एरंडोलच्या पुढे बाभळीतून एक शेळी आडवी आली. पाठोपाठ तिचं करडू. कुणालने ब्रेक दाबला. गाडी थांबली, शेळी थांबली. करडाने मान वर करून सहाशे घोड्यांकडे पाहिलं आणि निवांत पलीकडे गेलं. पण अक्षता घरंगळून खाली पडल्या होत्या.

कुणालने गाडी कडेला घेतली. वाकून दाणा न् दाणा वेचला, कपाळाला लावला. डबीतून नव्या चिमूटभर ठेवल्या. मग गाडी पुन्हा रस्त्यावर आणली आणि समोर बघत, अगदी स्वतःशीच बोलावं तसं सुरू केलं,

"आटपाट नगर होतं..."

घरी उतरले ती मी माझ्या दाराकडे गेलेच नाही. सरळ अक्कांच्या स्वयंपाकघरात गेले आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं. अक्का मेथी निवडत होत्या. त्यांनी आधणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पारोळं दिसनं का?"

"दिसनं, अक्का."

अक्का उठल्या, आणि टोपलीतून आल्याचा तुकडा काढून माझ्या हातात दिला.