आयोवाच्या तिकीटवाटपात मी उभी राहिले तो कोपरा

तिकीट आलं तेव्हा मी दारात बसून तांदूळ निवडत होते. पोस्टमन म्हणाला, "मावशी, अमेरिका दिसतेय." आमच्या घाटकोपरच्या चाळीत एवढं पुरे. शेजारची सावंतीण हात पुसत आली, वरच्या मजल्यावरचे परबभावोजी चष्मा लावत उतरले, आणि माझा लिफाफा माझ्याआधी त्यांनीच उघडला. आत विमानाचं तिकीट. जायचंही आणि यायचंही.

माझी नात चारू म्हणते, आजी, लोक ब्लॉगवर प्रवास लिहितात, तू पण लिही. मी चौथी शिकलेली. वहीत लिहून दिलंय, टंकलंय तिने. चुका असतील त्या माझ्या, सुबक दिसेल ते तिचं. गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीची. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते आणि चारू सात. आता मी नव्वदीला टेकलेय, पण तो हिवाळा काल झाल्यासारखा आठवतो. काय मजा आली होती म्हणून सांगू. आणि किती एकटं वाटलं होतं, तेही सांगते.

विलास माझा एकुलता एक. इंजिनीअर होऊन गेला तो तिथलाच झाला, नागरिकसुद्धा. संपात ह्यांची गिरणी गेली, पुढे दोन वर्षांनी हेही गेले. मग प्रत्येक पत्रात विलासचं एकच. आई, खोली विक आणि इकडे ये. मी म्हटलं, आधी बघून तर येते. म्हणजे जाताना मनात काय होतं ते तुम्हाला कळलं. परत यायचं की नाही, हे ठरायचं होतं.

सहार विमानतळावर टॅक्सीने गेले. सोडायला अकरा माणसं आली, ती बसने आणि पायी. वाटेत दोनदा विमान बदललं, विलायतेत एकदा आणि शिकागोत एकदा. एकटी जाणाऱ्या बायकांना सांगते, गळ्यात चिठ्ठी अडकवा. विलासने इंग्रजीत लिहून पाठवली होती, मी ती ज्याला त्याला दाखवली आणि लोकांनी मला हाताला धरून नेलं. आमसुलं नेत असाल तर फॉर्मवर खरं लिहा. मी शेजारच्या प्रवाशाकडून लिहून घेतलं होतं. सामान तपासणाऱ्या साहेबाने पुडी हुंगली, शिंकला आणि जा म्हणाला.

विमानतळापासून विलासच्या गावापर्यंत गाडीने तासभर. रस्ता सरळ, फूटपट्टीने आखलेला. दोन्हीकडे मक्याची शेतं, बर्फाखाली झोपलेली. माणूस नाही. मी विचारलं, "विलास, आज काय बंद आहे?" तो म्हणाला, "नाही गं आई, हे असंच असतं."

तसंच होतं. सकाळी आठला तो आणि सूनबाई मेधा कामाला, चारू शाळेत, आणि दार बंद. आमच्याकडे दार रात्री लावायचं असतं, दिवसा नाही. इथे दिवसभर लावलेलं दार मी दिवसभर बघायची. जेवायला सगळं होतं. मासासुद्धा मिळायचा, पण गोठवलेला आणि बिनडोक्याचा. ज्याचे डोळे बघता येत नाहीत तो ताजा कसा म्हणायचा? कपडे धुवायच्या यंत्राशी मी बोलायला लागले. ते थरथरायचं तेव्हा म्हणायची, हो गं बाय, दमलीस ना.

समोरच्या घरात एक म्हातारी होती, डोरथी. रोज सकाळी दहाला ती खिडकीत यायची, मीही जायची. ती हात हलवायची, मीही हलवायची. मग ती पडदा ओढायची. सात आठवडे एवढीच ओळख. पण दहा वाजायची वाट मी साडेआठपासून बघत असे.

मग एका संध्याकाळी विलास घरी येऊन म्हणाला, "आई, तयार हो. आज तिकीट कोणाला द्यायचं ते ठरवायला जायचंय."

मला वाटलं, माझं परतीचं तिकीट दुसऱ्या कोणाला देतात की काय. मी म्हटलं, "माझं तिकीट मी कोणाला देणार नाही." मेधा हसून खाली बसली. "आई, तुमचं नाही हो. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचं."

आता हे तिकीट काय ते आपल्या लोकांना शिकवायला नको. आमचे परबभावोजी वीस वर्षं पक्षाची पोस्टरं चिकटवत होते. निवडणूक आली की म्हणायचे, यंदा वॉर्डाचं तिकीट मलाच. मागच्या खेपेला ते मालाडहून आलेल्या कुणा माणसाला मिळालं. त्याला आमच्या चाळीचा जिना कुठे आहे ते माहीत नव्हतं, भावोजींनीच दाखवला. तिकीट वरून येतं, आपण खाली झेलतो. विलास गाडीत म्हणाला, "इथे ते खालून वर जातं. एकाच पक्षाचे सहा-सात जण तिकीट मागतायत. कोणाला द्यायचं ते आधी गावोगावची माणसं सांगणार. बऱ्याच राज्यांत त्यासाठी मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात."

"प्रायमरी म्हणजे शाळा ना? मी झालेय प्रायमरी."

"ती नाही गं. आणि आपल्या आयोवात प्रायमरी नसते. आपल्याकडे कॉकस. सभा. पण ती आहे प्रायमरी शाळेत."

तर असं. चारूच्याच शाळेतली जेवायची मोठी खोली. बाहेर बर्फ गुडघाभर. जाणार असाल तर चपलेत मोजे घालून जाऊ नका, मी गेले आणि पाय दोन दिवस बधिर होते. आत ऐंशीएक माणसं. दारात यादी, तिथे नाव सांगायचं. मी पाहुणी, म्हणून मला भिंतीकडेच्या खुर्चीवर बसवलं. कॉफी आणि मक्याचा गोड पाव. दुसऱ्या पक्षाची सभा त्याच संध्याकाळी दुसरीकडे होती. ते म्हणे चिठ्ठीवर नाव लिहून देतात, उभं राहायची भानगड नाही.

इथे मात्र उभंच राहायचं. भिंतींवर कागद चिकटवलेले, प्रत्येकावर एकेका माणसाचं नाव. ज्याला जो हवा त्याने त्याच्या कागदाखाली जायचं. लपवाछपवी नाही, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. विलास खिडकीपाशी गेला. आणि मेधा, बघते तर काय, थेट समोरच्या कोपऱ्यात.

मी शेजारी बसलेल्या चारूला विचारलं, "तुझ्या आईबाबांचं भांडण झालंय का गं?"

मेधाने ऐकलं. तिथूनच म्हणाली, "आई, भांडण नाही हो. इथे नुसते कोपरे असतात."

टोपी घातलेला एक माणूस मोठ्याने मोजत फिरला. नियम असा की, शंभरात पंधरा तरी माणसं असली तर कोपरा टिकला. त्या खोलीत म्हणजे बारा. बाराच्या खाली असेल तर कोपरा मोडायचा आणि त्यातल्या माणसांनी दुसरीकडे जायचं. त्यासाठी थोडा वेळ देतात, आणि मग बाकीच्या कोपऱ्यांतली माणसं मनधरणीला येतात. या ना आमच्याकडे, आमचा माणूस असा चांगला, तसा चांगला. हात धरतात, कॉफी देतात. मला फार आवडलं ते. एवढ्या आठवड्यांत त्या गावात कोणी कोणाला 'ये' म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

आणि तेव्हाच मला डोरथी दिसली. अगदी टोकाच्या कोपऱ्यात, एका कागदाखाली, एकटी. हातात पर्स घट्ट धरून. तिच्याकडे माणसं आली, बोलली, गेली. विलासलाही त्याच्या कोपऱ्याने पाठवलं. तो परत येऊन सांगत होता, "तो उमेदवार हिला हॉटेलात भेटला होता. हिच्या गुडघ्यांची चौकशी केली म्हणे. ही म्हणते, मी त्याला शब्द दिलाय."

माझ्याने बसवेना. बाईमाणूस एवढ्या लोकांत एकटं उभं, आणि मी खुर्चीवर पाव खातेय. मी उठले, पदर खोचला आणि जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. तिने माझ्याकडे बघितलं. खिडकीतल्यासारखा हात हलवला, एवढ्या जवळून. मीही हलवला.

टोपीवाला आला आणि त्याने मोजलं. एक, दोन.

खोलीत हशा पिकला. विलास धावत आला. "आई, तू मोजायची नाहीस. तू नागरिक नाहीस. चल इकडे."

"मग मोजू नका ना," मी म्हटलं. "मी कुठे म्हणते मोजा. मी नुसती उभी आहे तिच्याजवळ."

विलासने ते इंग्रजीत सांगितलं. टोपीवाल्याने टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाला, एक. डोरथी शेवटपर्यंत हलली नाही. तिला कुठेच धरलं नाही. टिकलेल्या कोपऱ्यांना त्यांच्या माणसांच्या हिश्श्याने पुढच्या सभेला पाठवायचे प्रतिनिधी वाटून दिले. ते जिल्ह्याला, मग राज्याला जाणार, आणि उन्हाळ्यात मोठ्या मंडपात सगळ्या राज्यांचे मिळून एकाला तिकीट देणार. कोणाला मिळालं ते मला विचारू नका. डोरथीच्या माणसाला नाही मिळालं एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती खिडकीत आली नाही. दारात आली, केळ्याचा केक घेऊन. मी सोलकढी दिली. तिने तोंड वाकडं केलं, पण संपवली. भाषा नाही काही नाही, दोघी बसलो तासभर. गेली तेव्हा घर आधीपेक्षा रिकामं वाटलं.

रविवारी विलासने विषय काढला. "आई, परतीच्या तिकिटाचं काय करायचं? खोलीला गिऱ्हाईक बघायला सांगू का परबकाकांना?"

चारू म्हणाली, कॉकस करू. तिने दोन कागद रंगवले. फ्रिजवर घर चिकटवलं, बाहेरच्या दारावर विमान. विलास फ्रिजपाशी. मेधा फ्रिजपाशी. चारू फ्रिजपाशी. मी दाराकडे गेले आणि बुटांच्या रांगेत उभी राहिले.

मनधरणी सुरू झाली. विलास आला. "तिथे तुला काही झालं तर कोण आहे?"

"सावंतीण आहे. भिंतीवर दोनदा मारलं की येते."

"इथे काय कमी आहे, सांग ना."

"काही कमी नाही रे. भांडीसुद्धा यंत्र घासतं, एवढं सगळं आहे. पण तुम्ही गेलात की मला हाक मारणारं कोणी उरत नाही."

तो फ्रिजपाशी परत गेला. मला वाटलं, संपलं, एकटीचा कोपरा, मोडणार आता. तेवढ्यात मेधा म्हणाली, "अहो, मोजा ना नीट. चौघांत एक म्हणजे शंभरात पंचवीस. लागतात पंधरा. आईंचा कोपरा टिकतो. त्यांना त्यांचा हिस्सा द्यायला हवा."

सुनेचे उपकार मी विसरले नाही. तिने वर्षाच्या बारा महिन्यांचे चार कोपरे केले. नऊ महिने त्यांचे, अमेरिकेत; तीन माझे, घाटकोपरला. मी म्हटलं, "माझे तीन मला आधी द्या. आणि खोली विकायची नाही."

विलास काही बोलायच्या आत चारू फ्रिजपासून निघाली आणि माझ्याजवळ येऊन, बुटांत पाय ठेवून उभी राहिली.

"तू कोपरा बदललास?" त्याने विचारलं.

"नाही. मला मोजू नका," ती म्हणाली. "मी नुसती उभी आहे आजीजवळ."

विलासने फ्रिज उघडला आणि दूध बाहेर काढलं. दूध कोणाला नको होतं.

मार्चात घाटकोपरला परतले. दार उघडलं तर आत धूळ, आणि ह्यांच्या फोटोवर कोळ्याचं जाळं. संध्याकाळभर सगळी चाळ माझ्या खोलीत. मी सगळ्यांना तिकीटवाटप सांगितलं. परबभावोजी ऐकत राहिले, मग म्हणाले, "वहिनी, आमच्या शाळेत कोपऱ्यात उभं करायचे ते शिक्षा म्हणून." सगळे हसले. भावोजीही हसले, पण उशिरा.

मग एकेक करून माणसं आपापल्या घरी जेवायला गेली. खोटं कशाला बोलू, तेव्हा फार एकटं वाटलं. हाक मारणारी माणसं होती, पण जेवायला पान एकच घ्यायचं होतं. तरी दार उघडं होतं, आणि कुकरची शिट्टी सहा घरांची ऐकू येत होती.

माझे ते तीन महिने अजून संपलेले नाहीत. विलास दर वर्षी विचारायचा, मी म्हणायची, मोजतेय रे. मध्ये दोनदा जाऊन आले, पण पाहुणी म्हणून. डोरथीची नाताळची कार्डं यायची, एके वर्षी यायची थांबली. सावंतीणही गेली. चाळीच्या जागी बिल्डिंग आली, आणि इथेही आता दारं दिवसा बंद असतात.

चारूचा फोन दर रविवारी येतो. ती विचारते, "आजी, कुठे आहेस?" मी सांगते, दाराजवळ. मग पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो.

"थांब," ती म्हणते, "मी पण उभी राहते."