तळ्याचा नैवेद्य

बदलापूर गावाबाहेरच्या आमच्या शेतात, पाणथळ तुकड्यात बाबांनी तळं खणलं आणि रोहू-कटला सोडले, तेव्हा भावकी हसली. भात लावणाऱ्यानं मासे पाळावेत, हे त्यांच्या पचनी पडेना. बाबांनी वाद घातला नाही. माणसांशी ते तसेही जेमतेम बोलत. तळ्याशी मात्र तासन् तास.

यंदा पावसाळ्यात मत्स्य शेतकरी दिनाला त्यांचा सत्कार ठरला. मी सासरहून, उल्हासनगरहून, मुद्दाम आले. निघताना बाबांनी आईला बजावलं, "आभाळ भरलंय. आज खाद्य टाकू नको." ऊन नसलं की पाण्यातली हवा कमी पडते आणि न खाल्लेलं खाद्य कुजून उरलीसुरली हवाही खातं, हे त्यांनी मला रिक्षात समजावलं. आईला कारण सांगायचं त्यांना सुचलंच नाही. आमच्या घरात हुकूम सुटतात, कारणं नाही.

अंबरनाथच्या हॉलमध्ये भाषणांवर भाषणं झाली. मत्स्यशेतीत देश कुठल्या कुठे पोचला, हे ऐकून माझे कान किटले. बाबा मात्र पहिल्या रांगेत ताठ बसून शब्द न् शब्द ऐकत होते. त्यांना शाल पांघरवली तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? घरी आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या. बाबा तीन पोळ्या जेवले आणि शाल उशाशी घेऊन झोपले.

सकाळी तळ्यावर गेलो तर मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. बाबांनी पंप लावला, फळीनं पाणी बडवलं, गळ्यापर्यंत आत उतरले. काही उपयोग झाला नाही. बघता बघता सगळं तळं पांढऱ्या पोटांनी भरलं.

काठाला कोंडा-पेंडीचा फुगलेला थर होता. त्यात पुरणपोळीचे तुकडे, हळदकुंकू. आमच्याकडे बैलपोळ्याला बैल जेवल्याशिवाय माणसं जेवत नाहीत. मला सगळं कळलं. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी माझा हात घट्ट दाबला.

"अहो, काय झालं हो यांना?" आईनं बांधावरून विचारलं.

"आभाळानं घात केला," बाबा म्हणाले.

दिवसभर आम्ही खड्डा खणून मासे पुरत होतो. एकेक मासा बाबा दोन्ही हातांनी उचलून ठेवत होते. संध्याकाळी ते ताटावर बसले, पण घास काही उचलेनात. आई शेजारी बसली.

"रागवू नका," ती म्हणाली. "काल तुमच्या चोरून मी त्यांना जेवू घातलं. ज्यांच्यापायी मान मिळाला, त्यांनाच सनाच्या दिशी उपाशी ठेवायचं, मला बघवंना." तिनं पदरानं डोळे पुसले. "एवढंच बरं झालं. पोटभर जेवून गेली बिचारी."

बाबांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"बरं केलंस," ते म्हणाले आणि ताट पुढे ओढलं.