लहानूची सुई कशी सुटली

लहानूने पायाला टांगलेल्या विटा आपल्या हाताने सोडल्या, तेव्हा दवाखान्याच्या माणसांपैकी वॉर्डात मी एकटीच होते. तो खाटेवर उठून बसला होता. अंग घामाने भिजले होते आणि हातावर काटा उभा राहिला होता.

"बाय, मना सुई दे. नाय तर मी घरी जातो."

घर म्हणजे सूर्यमाळच्या बाजूचा पाडा. मांडीचे हाड मोडलेला माणूस तिथवर जाणार कसा? पण त्याचा एक पाय खरोखरच खाटेवरून खाली आला होता. त्याची बायको जेठी दाराशी भाकरी घेऊन उभी होती. तिने भाकरी तिथेच ठेवली आणि त्याचे खांदे धरले. मी डॉक्टरांना बोलवायला धावले.

मी जव्हारच्या एका लहानशा दवाखान्यात आया होते. दवाखाना संस्थानच्या काळातला. संस्थान विलीन झाल्यावर बाहेरचा बोर्ड बदलला आणि औषधांचा स्टॉक ठाण्याहून यायला लागला. बाकी खाटा त्याच, विहीर तीच आणि डॉक्टरही तेच. माझी चौथी झालेली होती. ते पाहून डॉक्टरांनी बाटल्यांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि डोस द्यायचे काम हळूहळू माझ्याकडे दिले.

लहानू राबासाठी फांद्या तोडायला ऐनाच्या झाडावर चढला होता. आमच्याकडे भाताची रोपे टाकायची जमीन आधी पालापाचोळा आणि फांद्या जाळून भाजतात, त्याला राब म्हणतात. घाईत पाय टाकलेली फांदी कडाडली आणि तो खाली आला. पाड्यातल्या माणसांनी बांबूला घोंगडीची झोळी बांधून त्याला आणला. मांडी सुजून दुप्पट झाली होती. तो ओरडत नव्हता, पण झोळीची कड त्याने दातात धरून फाडली होती.

असे हाड जुळवायचे तर पाय ताणून धरावा लागतो. खाटेच्या पायथ्याला कप्पी बसवायची, पायाला पट्टा बांधायचा, पट्ट्याची दोरी कप्पीवरून सोडायची आणि तिच्या टोकाला वजन टांगायचे. आमच्याकडे वजन म्हणून विटा होत्या. असे कित्येक आठवडे उताणे पडून राहायचे. वजन काढले तर मांडीतले स्नायू हाडाची टोके एकमेकांवर ओढून घेतात. मग हाड तसेच जुळते आणि पाय जन्माचा आखूड होतो. लहानूची शेती उतारावरची. आखूड पायाने तो झाडावर चढू शकला नसता आणि नांगरामागे चालूही शकला नसता.

पहिल्या दिवशी पाय ताणण्याआधी डॉक्टरांनी त्याला मॉर्फियाचे इंजेक्शन दिले. मॉर्फिया अफूपासून काढतात. दुखणे थांबवायला त्याच्यासारखे औषध तेव्हा आमच्याकडे दुसरे नव्हते. थोड्या वेळाने लहानूच्या मुठी उघडल्या. जेठीने त्याच्या तोंडावर हात फिरवून पाहिला आणि मला विचारले, "झोपला का मेला?" झोपला आहे म्हटल्यावर ती खाटेशेजारी जमिनीवरच आडवी झाली. आदल्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

पुढे डॉक्टरांना सरकारी कामासाठी काही आठवडे बाहेर जावे लागले. बदलीवर एक डॉक्टर आले. माणूस वाईट नव्हता. लहानूच्या कागदावर त्यांनी लिहिले, 'दुखेल तेव्हा द्यावे.' लहानूला दुखत होते, म्हणून तो मागे. मागितले की कंपाउंडर बापूराव सुई देत. आधी रात्रीची एक होती, मग सकाळचीही झाली. पुढे पुढे सुईची वेळ जवळ आली की लहानू दाराकडे बघत राही.

नंतर ठाण्याहून येणारा स्टॉक लांबला. होते ते औषध राखून ठेवायला बापूरावांनी सुई रोखली आणि लहानूने विटा सोडल्या. त्याच दिवशी आमचे डॉक्टर परत आले होते. नशीबच म्हणायचे.

डॉक्टर आले. आधी त्यांनी लहानूचा पाय सरळ धरला आणि मला विटा टांगायला लावल्या. मग स्टूल ओढून ते त्याच्याजवळ बसले. लहानू एकामागून एक जांभया देत होता. नाक आणि डोळे वाहत होते. बापूराव म्हणाले, "ताप भरतोय साहेब. क्विनीन काढू?"

"ताप नाही," डॉक्टर म्हणाले. "याच्या अंगाला सुईची सवय लागली आहे. ती चुकली की असं होतं."

बापूराव त्यांच्या कानाशी झुकले, पण मी जवळच होते. "मग पाण्याची सुई देऊ. त्याला काय कळतंय? टोचल्याशी कारण."

"आणि कळलं तर? बापूराव, पावसाळ्यात निम्मा तालुका तापाने इथे येतो. सुईत पाणी असतं असं एकदा पाड्यात गेलं की तुमच्या क्विनीनला कोण हात लावेल?"

डॉक्टर लहानूकडे वळले.

"लहानू, मोहाची घेतोस?"

"सणाला घेतो. तू नाय घेत?"

बापूरावांचा चेहरा आंबट झाला. "साहेबांना तू म्हणतो बघा."

"त्यांच्या बोलीत 'तुम्ही' नसतंच. आणि मी तरी त्याला काय म्हणतोय?" डॉक्टरांनी पुन्हा लहानूला विचारले, "सकाळी उठल्या उठल्या दारू लागते असं कोणी पाहिलं आहेस?"

जेठीच मध्ये बोलली. "ह्याचा मामा. नाय मिळाली तर हात कापतात त्याचे."

"तसंच याचं सुईने झालं आहे. यात त्याची चूक नाही. आम्ही देत गेलो आणि वेळेवर थांबवली नाही. चूक दवाखान्याची."

हे ते सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले. कोणी डॉक्टर रोग्याला असे सांगताना मी तोवर ऐकले नव्हते.

लहानूने विटांकडे पाहिले. मग म्हणाला, "म्हंजे माझं दुखणं खोटं हाय?"

"खोटं नाही. तुला दुखतं ते खरंच दुखतं. पण आता हाड जुळत आलं आहे. हे दुखणं बरंचसं औषध उतरतंय त्याचं आहे. आणखी औषध दिलं तर आज थांबेल आणि उद्या वाढेल."

"मग आता?"

"एकदम बंद केलं तर तुझे फार हाल होतील. म्हणून थोडं थोडं कमी करायचं. सुई बंद. त्याच औषधाचे थेंब पाण्यातून प्यायचे. रोज एक थेंब कमी. बाई तुझ्यासमोर मोजेल आणि तू बघायचंस. तुझ्यापासून चोरून काही व्हायचं नाही."

ते थेंब म्हणजे टिंक्चर ओपियम, अफूचाच अर्क. तपकिरी रंगाचा आणि जहाल कडू. मी काचेचा पेला लहानूच्या डोळ्यांसमोर धरून थेंब सोडायची. तो ओठ हलवत मोजायचा. मला उगाच बोलायची सवय नाही आणि त्यालाही नव्हती. आमचे ते काम मुक्यानेच चाले.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. पुढे त्याच्या पोटात मुरडा येऊ लागला आणि झोप उडाली. पाय आपोआप झटके देत. एक दिवस जेठीने मला विहिरीवर गाठले. "बाय, दोन थेंब वाढव. त्याला कशाला सांगायचं?" मी मान हलवली. ती रागाने म्हणाली, "तुझा नवरा असता म्हंजे?" मी घागर भरून आत गेले. संध्याकाळी थेंब मोजताना ती बाजूला उभी राहिली आणि शेवटी तिनेही मोजले.

जंगलाच्या ठेक्यावर लाकूडतोड करणारा नवशा त्याच दिवसांत आला. तो साखरशेतकडचा. ट्रकमध्ये ओंडका चढवताना हात खाली सापडला होता. दोन बोटे चेंदून गेली होती. ती काढल्याशिवाय गत्यंतर नव्हते. डॉक्टरांनी आधी मॉर्फिया द्यायला सांगितले. सुई पाहिल्याबरोबर नवशाने चांगला हात पाठीमागे घेतला.

"ती सुई नको. ती माणसाला धरते. बाहेर सगळी बोलतात."

दवाखान्याच्या आवारात रोग्यांची माणसे चुली मांडून स्वयंपाक करत. लहानूची हकिकत त्या चुलींवरून सगळीकडे गेली होती. डॉक्टरांनी नवशाला समजावले. एका सुईने असे होत नाही, हे दोनदा सांगितले. नवशा ऐकेना. त्याचे ओठ पांढरे पडत चालले होते. बापूराव माझ्याजवळ पुटपुटले, "खरं सांगितल्याचं हे फळ."

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

"ए भावा. इकडं बघ."

लहानूचा तो सगळ्यात वाईट दिवस होता. सकाळपासून तो चादर मुठीत धरून पडला होता. सुईही त्याने पाहिली होती. त्याची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

"मना धरली ती सुई," तो म्हणाला. "खरं हाय. पण ती नसती तर पहिल्या रोजी मी पाय वढू दिला नसता. आता पाय जुळला. तू घे. मग डॉक्टर बस म्हणंल तवा बस. माझ्यावानी मागत राहू नको."

नवशाने विचारले, "तुला आता मिळते?"

"नाय."

"पायजे?"

"तर."

एवढे बोलून लहानूने घोंगडी तोंडावर ओढून घेतली. विटा टांगलेल्या, त्यामुळे त्याला कूस वळवता येत नव्हती.

नवशाने हात पुढे केला.

बोटे काढून झाल्यावर डॉक्टरांनी मला नवशापाशी बसवले. मॉर्फियाने दुखण्याबरोबर श्वासही मंदावतो. जास्त झाले तर माणूस झोपेतच जातो. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी होते. श्वास फार सावकाश चालला तर हाक मार, असे ते सांगून गेले. हाक मारावी लागली नाही.

संध्याकाळी मी लहानूचा पेला घेतला. डॉक्टर म्हणाले होते, आज कमी करू नको, कालचेच दे. मी सोडले. लहानूने मोजले.

"आज कमी नाय?"

"डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस राहू दे."

"मग उद्या दोन कमी कर."

डॉक्टर दारातून म्हणाले, "उद्याही एकच. घाई झाडावर केलीस तेवढी पुरे."

त्या मुक्कामात लहानू तेव्हा पहिल्यांदा हसला.

पुढे थेंब संपले. आणखी काही आठवड्यांनी विटाही निघाल्या. लहानू कुबड्यांवर उभा राहिला, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या दोन्ही टाचा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. पाय सारखे होते. राब भाजायला अजून अवकाश होता. निघताना जेठीने विटा मागितल्या, चुलीला होतील म्हणून. त्या स्टॉकातल्या आहेत असे बापूरावांनी सांगितले. ती म्हणाली, "सुई फुकट देता, आणि विटा नाय?"

नवशाच्या कागदावर डॉक्टरांनी बोटे काढली त्याच दिवशी लिहिले होते, 'तीन दिवस. नंतर मला विचारल्याशिवाय नाही.' बापूराव म्हणाले होते, "सुरू करतानाच बंद लिहिता साहेब?"

"नंतर लिहायचं राहून जातं."

ते डॉक्टर पुढे बदलून गेले. त्यांच्यामागे बरेच डॉक्टर आले आणि त्यांच्या हाताखाली मी काम केले. मोठ्या माणसांसमोर तोंड उघडायचे मला आजही जड जाते. पण मॉर्फियाच्या ऑर्डरीवर शेवटचा दिवस लिहिलेला नसला, तर कागद हातात धरून मी तिथेच उभी राही. काय हवे आहे, असे डॉक्टर विचारत. मग मी एवढेच विचारी, "कधीपर्यंत?"