राजाबाईंचे अननसाचे पफ

सानपाड्याच्या त्या सोसायटीत राजाबाईंच्या तोंडी कोणी लागत नसे. पण त्यांचे अननसाचे पफ मात्र सगळ्यांना हवे असत! नवरा कृष्णात फळबाजारात माथाडी. तो जरा दबलेले अननस आणायचा, राजाबाई त्याचं सारण शिजवायच्या आणि सून सुनयना ते मैद्याच्या पारीत भरून भाजायची. ओव्हन सुनयनाच्याच हट्टाने आलेला. मुलगा उदयसिंह तापाचं निमित्त होऊन गेला, त्यानंतर घरात दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या रडत बसायच्या. ओव्हन आल्यावर निदान हाताला काम मिळालं.

पुढे राजाबाईंनीच सुनेसाठी स्थळ शोधलं. भावकीने नावं ठेवली. ठेवोत मेले! एवढीशी पोर काय जन्मभर फोटोला हार घालत बसणार होती? उलव्याचा शिवतेज भला माणूस निघाला. लग्न लागलं आणि राजाबाईंनी लेकीसारखी पाठवणी केली.

पण सुनयनाचा पाय काही तिकडे ठरेना. आज ऑर्डर आहे, उद्या बाबांना बरं नाही, असं म्हणत दोन दिवस झाले की बाई सानपाड्यात हजर, आणि यायची ती मुक्कामालाच. राजाबाईंना बरं वाटायचं, खोटं कशाला बोला! त्या मुद्दाम जास्तीचा अननस चिरून ठेवायच्या.

परवा शिवतेज एकटाच आला. चहाला हात लावला नाही त्याने.

"मावशी, भांडायला नाही आलो. पण तिचं घर नक्की कुठलं, तेच मला कळेना झालंय."

राजाबाईंच्या मनात आलं, पोरीचा दुसरा संसार आपल्याच पायी मोडायचा की काय! त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

आज सुनयना आली आणि नेहमीसारखी ओढणी खोचून ओट्याशी उभी राहिली.

"सुनयना, ह्यो ओव्हन घेऊन जा उलव्याला," राजाबाई म्हणाल्या.

"आणि मग इथे?"

"हितं नगं आता काय. मला उभं ऱ्हावत न्हाई. तिकडंच कर धंदा."

"आई, माझं काही चुकलं का?"

"न्हाई गं. पर तुझं घर तिकडं हाय."

सुनयनाने भरलेल्या पफांचं ताट पुढे ओढलं. त्यांच्या कडा बोटांनी दुमडत तिने मुरड घालायला घेतली. सासरी निघालेल्या लेकीच्या शिदोरीत मुरडीचे कानवले देतात, तिने मुरडून माहेरी यावं म्हणून. पाठवणीला राजाबाईंनीच दिले होते ते. आज मात्र पोर आपली मुरड आपणच घालून घेत होती.

राजाबाईंनी ताट ओढून घेतलं. काटा उचलला आणि एकेक मुरड दाबून सपाट करायला लागल्या. डोळे इतके भरून आलेले की समोरचं धड दिसत नव्हतं. सुनयना त्यांचा हात धरून "आई, नका ना, आई," म्हणत राहिली. त्यांनी हात सोडवून घेतला आणि पुढचा पफ ओढला.