पहिली सुई

नर्सबाईंचा एक रिवाज होता. दरवर्षी फ्लूच्या लसीची पहिली सुई त्या रांगेसमोर स्वतःच्याच दंडात टोचून घ्यायच्या. "बघा, मेले का मी?" असं म्हणायच्या, की बाकांवरचे म्हातारे हसत बाह्या वर करायचे. सुईला भिणारे शिंपीकाकाही याच युक्तीने वळले होते. दम्याने त्यांची छाती भात्यासारखी वाजायची.

यंदा लस आलीच नाही. थंडी पडली, खोकले सुरू झाले, तरी दवाखान्याचा फ्रीज रिकामा. बाई रोज लोकांना परत पाठवायच्या आणि मुख्यालयात फोन लावायच्या. "वरूनच नाही आली," असं साहेब जांभई देत सांगायचे.

शेवटी एक लहानसा खोका आला. बाईंनी सवयीने पहिली सुई स्वतःला टोचली. रांग सरकत गेली आणि नेमकी शिंपीकाकांपाशी लस संपली.

"म्हणजे माझी तुम्ही घेतलीत!" काका सगळ्यांदेखत म्हणाले. "बरं ओढलंत आपल्या पोळीवर तूप."

लस आधी दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना, या नियमाने ती बाईंच्या हक्काचीच होती. पण नियम न सांगता त्यांनी रिकामा खोका मिटला.

पुढचा साठा आला तेव्हा अर्धी वस्ती तापाने फणफणत होती. आता फ्रीज भरलेला आणि बाक ओस. "वरातीमागून घोडं!" म्हणत लोक पुढे जायचे. त्यात साहेबांचा फोन आला, "लस पडून का आहे? लोकांचं जरा प्रबोधन करा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "प्रबोधन? लोक बाह्या वर करून बसले होते साहेब, तेव्हा तुम्ही हात वर केलेत!"

फोन आपटून त्यांनी बर्फाची पेटी उचलली आणि थेट शिंपीकाकांचं घर गाठलं.

"काका, साथ अजून सरलेली नाही. राग माझ्यावर काढा, छातीवर नको."

"लसीवर माझा विश्वास कधीच नव्हता, बाई," काका दारातूनच म्हणाले. "तुमच्यावर होता."

"मग मी रोज येईन."

"या की. चहा मिळेल, दंड नाही मिळायचा."

दार लागलं. आत खोकल्याची उबळ उठली, ती थांबेचना. बाई दात-ओठ खात ऐकत राहिल्या. मग त्यांनी पुन्हा बेल दाबली.