डब्यातला मोगरा

उघड्या रानात हात लावील ते हिरवंगार करणारा आणि घरात हात लावील ते कुजवून टाकणारा माणूस सबंध पुणे जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा सासरा निघाला. सारं गाव त्यांना तात्या म्हणे, म्हणून मीही तात्याच म्हणे. कळंबला त्यांचा ऊस असा उभा असायचा की वाटेनं जाणारा घटकाभर थांबून बघत राही. पण बायको गेली, गुडघ्यांनी दावा मांडला, तेव्हा रान धाकट्या भावाच्या हवाली करून ते बारामतीला मुलाकडे, म्हणजे माझ्या मेव्हण्यांकडे, राहायला आले. पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी तिथल्याच शाळेत शास्त्र शिकवत होतो आणि संध्याकाळी बहिणीकडे जेवत होतो. त्यामुळे दोन खोल्यांतली तात्यांची बागायत मला पानावर बसल्या बसल्या बघायला मिळाली. घराला खिडकी एकच, आणि तिच्यासमोर हातभरावर शेजाऱ्यांची भिंत. बाहेर ओटा होता, पण गल्लीतली शेरडं तिथं काही टिकू देत नसत. तेव्हा जे काय लावायचं ते घरातच, असं तात्यांनी ठरवून टाकलं.

लावायचा होता मोगरा. कळंबच्या विहिरीपाशी बहिणीच्या सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात लावलेलं ते झाड. त्या होत्या तोवर तात्यांनी त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता भावानं विहिरीवर इंजिन बसवायचा बेत केला होता, इंजिनाची खोली नेमकी मोगऱ्याच्या जागेवर येत होती, आणि दिवाळी झाली की पाया खणायचा होता. भावाचं काही चुकत नव्हतं. खोलीला दुसरी जागाच नव्हती. सासूबाईंचा फोटो कुणी कधी काढलेला नव्हता. "तिचं म्हनून तेवढंच हाय बगा," एवढंच तात्या एकदा म्हणाले आणि लगेच गुडघा चोळू लागले.

पहिल्या खेपेला त्यांनी मोगऱ्याच्या दहा-बारा काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेतला, माती भरली, बोटानं सरी ओढली आणि सगळ्या काड्या तिच्यात एकापुढे एक आडव्या निजवून वर माती लोटली. उसाच्या कांड्या अशाच लावतात. "तात्या, मोगऱ्याची काडी उभी खोचायची असते," मी म्हणालो. तात्यांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "मास्तर, उभा जल्म कांड्या लावण्यात गेला. डोळा मातीत गेला की फुटतोय. तुमी पोरास्नी शिकवा, मातीला शिकवू नगा." मग डोळ्यातून कोंब फुटला की नाही हे पाहायला ते तिसऱ्या दिवशी माती उकरत, चौथ्या दिवशी उकरत, आणि पाचव्या दिवशी 'आता सारखं उकरायचं न्हाय' असं सांगता सांगता उकरत.

पण त्या काड्यांचा खरा काळ म्हणजे पाणी. तात्यांची हयात पाटाच्या पाण्याची वाट बघण्यात गेली होती. पाटकऱ्याच्या मनात येईल तेव्हा पाणी सुटणार, आणि सुटलं की बांधाला टेकेपर्यंत भरून घ्यायचं, कारण पुन्हा कधी सुटेल ते पाटकरी जाणे नि देव जाणे. बारामतीत नळ नुकताच आला होता आणि तो सकाळ-संध्याकाळ न चुकता येई. नळ फुसफुसला रे फुसफुसला की तात्या गुडघे विसरून उठत, "पानी सुटलं! सूनबाई, पानी सुटलं!" असं ओरडत, आणि डबा काठोकाठ भरत. उसाला जे पंधरवड्यानं मिळे ते मोगऱ्याला दिवसातून दोनदा मिळू लागलं. पान पिवळं पडलं तर त्याला तहान लागली असा निवाडा होऊन तिसऱ्यांदाही मिळे. डब्याला खाली भोक पाडा, असं मी कितीदा सांगितलं. "पानी खालनं सोडून द्यायचं?" तात्या अंगावरच येत. "आमच्याकडं बांध फुटला तर भावाभावात काठ्या निघत्यात, मास्तर!" एकदा त्या चिखलात बेडकाचं पिल्लू निघालं. मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. तात्या खूश होऊन म्हणाले, "बगा, वल किती धरलीय!"

खताच्या बाबतीतही हात असाच सढळ. कळंबहून एस.टी.च्या टपावर घालून त्यांनी लेंडीखताचं अख्खं पोतं आणलं आणि ते कॉटखाली ठेवलं. एकदा मेव्हण्यांचे साहेब चहाला आले. दोनदा नाक ओढून त्यांनी अदबीनं विचारलं, "घरात शेळ्या पाळल्यात का?" मेव्हण्यांनी मान खाली घातली. तात्यांनी मात्र साहेबांची समजूत काढली, "शेळ्या न्हाईत, साहेब. नुसत्या लेंड्या हायत." साहेबांनी बशीतला चहा तसाच ठेवला. त्या खतानं चार काड्या जळाल्या. आधीच्या आडव्या निजून कुजल्या. मधल्या देवळीखालच्या अंधारात पांढऱ्या पडून गेल्या. तात्या प्रत्येक मेलेली काडी धुऊन, पुसून ओट्यावर ठेवत आणि पुढच्या एस.टी.नं कळंबला जात. आम्ही हसत होतो. दिवाळी जवळ येत होती, हे फक्त त्यांच्या ध्यानात होतं.

दिवाळीनंतरच्या खेपेहून ते परतले तेव्हा फडक्यात एकच काडी होती. बहिणीनं पुढं केलेला चहा त्यांनी घेतला नाही. "खोड गेलं," ते म्हणाले. "भावानं मी येस्तवर ठिवलं हुतं. कुदळ उचलंना त्याच्यानं. मग मीच घातली." तात्यांनी डबा पुढं ओढला, सरी ओढायला बोट लावलं आणि थांबले. "उभीच लावतो, मास्तर. एकदा तुमचं ऐकतो." त्यांनी काडी उभी खोचली. त्या क्षणी मला शास्त्राचा मास्तर असल्याची शरम वाटली. ही काडी मेली तर ती आता माझ्या सांगण्यानं मरणार होती. "पर भोक न्हाय पाडायचं हां," तात्यांनी वर बजावलं.

भोक डब्यानंच पाडलं. पावसाळाभर त्याच्या पोटात दोन वेळचं पाणी तुंबून राहिलं होतं; थंडीत एके सकाळी बूड गंजून चाळणी झालं आणि सगळा चिखल बहिणीच्या अंथरुणांच्या वळकट्यांखाली गेला. बहीण सासऱ्यांना उलट बोलणारी नव्हती. तिनं पदर खोचला, डबा उचलून ओट्यावर दोन विटांवर आपटला आणि शेरडांसाठी भोवती बाभळीचे काटेरी फास लावून टाकले. तात्या मला सांगत आले, "मास्तर, बांध फुटला." दुसऱ्या डब्यात काडी हलवतो म्हणाले. "आता उपटलीत तर मरेल," मी म्हणालो, आणि तेवढं त्यांनी ऐकलं. ते ओतत राहिले, पाणी खालून जात राहिलं, ऊन वरून पडत राहिलं. त्या दोन महिन्यांत तात्या जेमतेम जेवत.

माघात एकदा वर्गात शिकवत असताना दाराशी काठी वाजली. घरापासून शाळेपर्यंत ते गुडघे घेऊन कसे आले कोण जाणे. "मास्तर, डोळा फुटला!" सारा वर्ग हसला. मीही हसलो, पण मला फळ्याकडे तोंड फिरवावं लागलं.

वैशाखात एक फूल आलं. तात्यांनी ते ताटलीत घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि तोंड दुसरीकडे करून म्हणाले, "सूनबाई, हे माळ." बहिणीनं हात धुऊन फूल अंबाड्यात खोवलं आणि ती पुन्हा भाकरी थापू लागली. तात्या तिच्या पाठीकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "चांगलं दिसतंय." आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू, "जल्मभर ती माळत हुती, मास्तर. एकदाबी म्हनलो न्हाय." आतला भाकरीचा आवाज थांबला आणि जरा वेळानं पुन्हा सुरू झाला.

तात्या जाऊन आता फार वर्षं झाली. माझी बदली इंदापूरला झाली तेव्हा त्या झाडाची एक काडी मी बरोबर नेली. माझ्या कुंडीला भोक आहे, खिडकीत ऊन आहे, खत चिमूटभर आहे. मोगरा शहाण्यासारखा फुलतो. पण सकाळी नळ फुसफुसला की घर फार गप्प वाटतं. कुणीतरी "पानी सुटलं!" म्हणून ओरडायला हवं होतं असं वाटतं, आणि एक तांब्या पुरे हे ठाऊक असून मी दुसराही ओततो. बायको फूल माळते. मी म्हणतो, "चांगलं दिसतंय." ती म्हणते, "रोज काय तेच?" रोज तेच. माझ्या वाट्याचं एकदा म्हणून होतं, बाकीचं तात्यांचं म्हणायचं राहिलेलं असतं.