साकवाचा आमदार

“आधी गाऱ्हाणा सांगा, मगे बसा,” असं म्हणून ते दारात आलेल्याला हात जोडायचे. माणूस कामाला आलाय की नुसता पान खायला, ही चौकशी नाही. पुढारी तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. पण असा नाही, पैज लावतो.

आमचा जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला त्या सुमारास ते पंचायत समितीचे सदस्य होते आणि मी तिथला कारकून. कट्टा गावाच्या अंगाला त्यांचं गाव. मधून वहाळ, म्हणजे मोठा ओढाच, पलीकडे एक वाडी. वहाळावर माडाच्या खोडांचा साकव घालायचे आणि पावसात तो वाहून जायचा. मग चार महिने वाडी तुटलेली. त्यांची धाकटी बहीण त्याच वाडीत दिलेली. भर आषाढात आई गेली तेव्हा बहीण पलीकडच्या काठावर उभी राहून रडत होती, आणि अलीकडून हे आईला खांद्यावर घेऊन निघाले होते. त्या दिवसापासून त्यांना पक्का साकव हवा होता. बाकी राजकारण त्यांना कळतही नव्हतं.

बोलायचे मात्र देवळात बोलल्यासारखे. एका मासिक सभेत उठले, डोळे मिटले आणि सुरू झाले, “बा देवा म्हाराजा, पलतडची वाडी पावसात तुटता, तिका साकव गावांदे रे म्हाराजा!”

सभेतली माणसं जन्मभर देवळातल्या गाऱ्हाण्याला साथ देत आलेली. सगळी एका सुरात ओरडली, “होय म्हाराजा!”

घाटावरून नवीनच आलेले आमचे साहेब गोंधळले. “हे काय झालं हो?”

“ठराव एकमताने मंजूर झाला, साहेब,” मी म्हटलं, आणि इतिवृत्तात तसं लिहूनही टाकलं.

ठराव वर गेला आणि वरच बसला. हे सभापती झाले तरी हलेना. शेवटी विधानसभेला उभे राहिले आणि, काय सांगू, निवडून आले की हो!

मुंबईला निघताना मी त्यांना झकास दोन पानी भाषण लिहून दिलं. ‘दळणवळणाची गैरसोय’ वगैरे. परत आले तर कागदाची घडीसुद्धा मोडलेली नाही. मी भडकलो.

“वाचलात नाय?”

“गाडयेत वाचलंय रे. त्यात माझी आये खंयच नव्हती.”

“मगे काय बोललात थंय?”

“बहिणीचा सांगितलंय. सांगता सांगता रडलंय. सगळ्यांसमोर रे! लाज वाटली माका.”

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी आत जाऊन चहा सांगितला.

साकव मंजूर झाला, चांगला सिमेंटचा. पावसाआधी पुराही झाला. आणि त्याच श्रावणात, आमदारकीची मुदत संपायच्या आधी, सकाळी देवपूजा करताना ते गेले.

मी पोचलो तेव्हा धो धो पाऊस होता आणि वहाळ काठोकाठ भरून चालला होता. पलीकडची सगळी वाडी साकवावरून येत होती, बायामाणसांसकट. बहीण सर्वांच्या पुढे. ती त्यांच्या उशाशी बसली, पदराने त्यांचं कपाळ पुसलं आणि हळूच म्हणाली, “दादा, मी इलंय रे.”